वॉटसन हॉटेल पाडायचे की दुरुस्त करायचे?

प्रश्न थोडक्यात असा: काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, मोडकळीला आली आहे. हल्ल्यात जळालेले ताज दोन वर्षांच्या आत पुन्हा सुरू झाले, मग वॉटसनचेच का होत नाही? ते खरोखर दुरुस्तीपलीकडे गेले आहे का? आणि दुरुस्त झालेच, तर तिथे परत हॉटेल निघेल का?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. फोर्ट, गिरगाव, भायखळा इथल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच माझे पंचवीसेक वर्षांचे काम. वॉटसनचे काम माझ्याकडे कधी नव्हते. पण त्याच जातीच्या लोखंडाशी बरीच झटापट झाली आहे, तेवढ्या अधिकारावर लिहिते. आधी उत्तर सांगून टाकते. दुरुस्त होईल. परत पूर्ण हॉटेल होईल असे मला वाटत नाही. ताजशी तुलना मात्र जपून करा, कारण दोन्ही इमारतींचे दुखणे वेगळे आणि घराची परिस्थितीही वेगळी.

वॉटसन मुंबईत बांधले हे अर्धेच खरे. ते इंग्लंडमध्ये तयार झाले आणि मुंबईत जोडले गेले. जॉन हडसन वॉटसन मूळचे कापडाचे व्यापारी. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पडत होते आणि एस्प्लनेडवरचे मोकळे प्लॉट विकले जात होते. त्यातला एक वॉटसननी घेतला. आराखडा केला रोलँड मेसन ऑर्डिश यांनी. हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. पण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची बारीकसारीक ड्रॉइंग, सेंट पँक्रस स्टेशनचे अवाढव्य छत आणि चेल्सीचा अल्बर्ट पूल, तिन्हींना या माणसाचा हात लागला आहे. घरे बांधणारा हा माणूसच नव्हे. पूल आणि स्टेशने हे त्याचे काम, आणि वॉटसनसुद्धा त्याने पुलासारखेच रचले. डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीत लोखंडी भाग तयार झाले, जहाजाने इथे आले आणि १८६७ ते १८६९ या काळात सांगाडा उभा राहिला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले.

तळमजला आणि वर चार मजले, मधे काचेच्या छपराचा चौक, बाहेरच्या अंगाला मजल्यागणिक सलग लोखंडी सज्जे. भिंती विटांच्या, पण भार त्यांच्यावर नाही. सांगाड्याच्या चौकटीत त्या नुसत्या भरल्या आहेत. आज कुठलाही टॉवर असाच बांधतात, म्हणून आपल्याला त्यात काही विशेष दिसत नाही. पण शिकागोच्या ज्या इमारतीला पहिली गगनचुंबी इमारत म्हणायची पद्धत आहे ती १८८५ ची, आणि ती पाडूनही बराच काळ लोटला. इतक्या जुन्या, बहुमजली, पूर्ण लोखंडी सांगाड्याच्या इमारती जगात मोजक्याच उरल्यात. त्यातली एक आपल्या सेशन्स कोर्टाच्या समोर उभी आहे आणि तिच्या खाली लोक झेरॉक्स काढायला थांबत.

बाकीचा इतिहास तुम्ही वाचलाच असेल. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत इथे उतरले आणि सज्जातल्या कावळ्यांवर खुशीत लिहून गेले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथे झाला, तिकीट एक रुपया. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट गाइड लोक रोज सांगतात. तिला भक्कम पुरावा मला कुठे सापडलेला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, लोखंड.

जुन्या इमारतीत दोन प्रकारचे लोखंड भेटते. एक बीड, म्हणजे ओतीव लोखंड. दुसरे घडीव, ज्याच्या तुळया, पट्ट्या, कांबी करत. बीड म्हणजे काय ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आजीचा बिडाचा तवा आठवा. त्यावर पातेली रचा, काही होत नाही. पण हातातून सुटून फरशीवर पडला की दोन तुकडे. बिडाचा खांब असाच असतो. वरून कितीही दाबा, दीडशे वर्षे उभा राहील. त्याला वाकवायला किंवा ताणायला गेलात तर न सांगता तुटतो. साधे पोलाद आधी वाकते, कुरकुरते, आपल्याला वेळ देते. बीड वेळ देत नाही. म्हणून अशा इमारतीत आमची पहिली भीती खांब दबण्याची नसते, खांबावर आडवा जोर येण्याची असते. कोणी तरी पोटमाळ्याची तुळई खांबात भोक पाडून अडकवली असेल, एसीचा बाहेरचा डबा टांगायला ब्रॅकेट वेल्ड केला असेल, तिथेच तडा मिळतो.

फोर्टमधल्याच एका इमारतीतला प्रसंग. खांबावर ऑइलपेंटचे थर इतके की नक्षी बुजून गेली होती. मिस्त्रीने छिन्नीने पापुद्रे काढले: क्रीम, हिरवा, परत क्रीम, तपकिरी, आणि सगळ्यात खाली शेंदरी. हा शेंदरी म्हणजे रेड लेड, शिशाचा जुना प्रायमर. तो दिसला की मजुरांना आधी मास्क द्यायचा आणि सुकी घासणी बंद करायची, ही आमची शिस्त. मग मी खांबावर हातोडी मारत खाली आले. वर टणटण आवाज येत होता, जमिनीपासून हातभर उंचीवर तो बद्द झाला. खांब पोकळ असतात, ओतताना आतला गाभा जरा सरकला की एका बाजूची जाडी दुसरीच्या निम्मीही भरते, म्हणून तीन बाजूंनी सहा मिलिमीटरचे भोक पाडून जाडी मोजावीच लागते. पहिल्याच भोकातून ड्रिल बाहेर काढले आणि पाण्याची धार लागली. चहासारखे तांबडे पाणी, बादलीभर. गच्चीवरचे पाणी कुठून तरी खांबाच्या डोक्यात शिरत होते आणि खाली वाट नसल्याने साठून राहिले होते. खालचा बाहेरून धडधाकट दिसणारा भाग चाकूने खरवडला तर पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी निघाली. खाऱ्या ओलाव्यात बिडातले लोखंड झिरपून जाते आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो. आकार तोच, ताकद शून्य. डोळ्यांनी पाहून दिलेल्या अहवालावर माझा विश्वास नाही तो या खांबापासून.

पण तेवढ्याने इमारत गेली का? नाही. चोवीस खांबांतले तीन तसे निघाले. टेकू दिले, खांबांचे पाय बदलले, पाण्याची वाट काढली. बाकीचे एकवीस आजही काम करताहेत.

वॉटसनकडे मी याच नजरेने पाहते. तिथे पडले काय, ते बघा. २००५ च्या पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूचे सज्जे कोसळले आणि एक जण गेला. अतिशय वाईट घटना. पण पडले ते सज्जे, म्हणजे बाहेर झुकलेला, पाऊस थेट अंगावर घेणारा भाग. मुख्य सांगाडा उभा राहिला. त्याच सुमारास इमारतीचे नाव वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६ च्या धोक्यातील शंभर स्थळांच्या यादीत लागले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याकडे कौल दिला, वारसा जपणाऱ्यांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. हे ऐकून लोक गोंधळतात की तज्ज्ञांतच एकमत नाही. माझ्या मते दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. आज आहे त्या स्थितीत इथे माणसे राहू शकतात का? अजिबात नाही. पैसा, वेळ आणि जबाबदार धनी असेल तर सांगाडा वाचेल का? हो.

तिसरी अट सगळ्यात अवघड. हॉटेल बंद झाल्यावर इमारतीच्या खोल्याखोल्यांत पार्टिशन पडली आणि पन्नासेक कुटुंबे व शंभराच्या आसपास दुकाने-कचेऱ्या भाडेकरू म्हणून आल्या. कोर्ट समोरच, त्यामुळे वकील पुष्कळ. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडे १९४० च्या पातळीला बांधले गेले. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात गच्चीचे डांबरसुद्धा येत नाही, भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही, आणि दोघांचे म्हणणे बरोबर. दरम्यान आत पोटमाळे चढत गेले, मोऱ्या निघाल्या, आणि कागद साठत गेला. कागदाचे वजन लोकांना कळत नाही. आमच्या भारतीय मानकात हॉटेलच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, फायली ठेवायच्या खोलीला ५००. पर्यटक आणि त्याची बॅग सांभाळणारी जमीन वकिलाचे दफ्तर सांभाळत होती, तेही पोटमाळ्यावर दुप्पट करून.

आता ताज. ते १६ डिसेंबर १९०३ ला उघडले. सुरुवातीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्येच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरे केले. हॉटेल चुकून उलटे बांधले म्हणून आर्किटेक्टने जीव दिला ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल तर विसरा. गाड्या शहराच्या अंगाने येत, म्हणून दार तिकडे होते आणि समुद्राचा वारा खोल्यांना दिला होता. गेटवे तर १९२४ चे, त्याच्याकडे तोंड करायचा प्रश्नच नव्हता. (मराठी माणसाने बांधलेले हॉटेल म्हणून आपण मिरवतो, पण वैद्यांचा एखादा फोटो किती जणांनी पाहिला आहे?)

नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर टॉवरची बाजू महिन्याभरात, २१ डिसेंबरला उघडली, आणि जुनी पॅलेसची बाजू १५ ऑगस्ट २०१० ला. हे काम थोर आहे, त्याला कमी लेखत नाही. पण परिस्थिती बघा. मालक एक. पैसा उपलब्ध. आदल्या दिवसापर्यंत इमारतीची निगा रोज राखली जात होती. गच्ची, पन्हळी, नळ यांची नोंद ठेवणारी माणसे पगारावर होती. ताजला अपघात झाला, धडधाकट माणसाला व्हावा तसा. वॉटसनला झालाय तो पन्नास-साठ वर्षे औषध न घेतलेला मधुमेह.

दुरुस्ती नेमकी कशी करावी, हेही विचारले आहे. क्रम महत्त्वाचा, आणि तो नेहमी वरून सुरू होतो. छप्पर, पन्हळी, पावसाळी पाइप. पहिला पावसाळा कोरडा काढल्याशिवाय मी कुठल्याही खांबाला हात लावणार नाही. इमारतीवर पिंपळ असणारच. तो ओढून काढायचा नाही, मुळे विटा घेऊन बाहेर येतात. कापायचा, बुंध्यात औषध भरायचे आणि मुळे मरायची वाट पाहायची. मग भार उतरवायचा: पोटमाळे, पार्टिशन, टाक्या, कोब्यावर चढवलेले कोबे. जुन्या गच्चीवर गळती थांबवायला दर दहा वर्षांनी नवा थर चढवलेला असतो. एका ठिकाणी आम्ही फूटभर जाडीचा कोबा फोडला, त्यात चार पिढ्यांची दुरुस्ती होती आणि गळती तशीच.

त्यानंतर खांबागणिक तपासणी. तडा गेलेले बीड वेल्ड करायचे नाही, ही गोष्ट कंत्राटदाराला लेखी द्यावी. भट्टीसारखे तापवून, खास कांड्या वापरून ते करता येते, पण जागेवर, चौथ्या मजल्यावर, परांचीवर बसून कोणी करत नाही. उगीच चटका दिला की शेजारी नवा तडा उघडतो. त्याऐवजी तडा शिवतात, अक्षरशः: आडवी भोके पाडून त्यात धातूचे टाके ठोकून बसवतात, उष्णता न लावता. तुळयांच्या जोडात गंज धरला असेल तर तो साफ करणे हे सगळ्यात चिकट काम. गंज मूळ लोखंडापेक्षा सहापट आणि त्याहूनही जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मधे तो पाचरीसारखा बसतो आणि रिव्हेट तोडतो.

विटांच्या भरणीवर नंतर कोणी सिमेंटचा गिलावा मारला असेल तर तो उतरवा. सिमेंट ओल आत कोंडते आणि ती ओल शेजारच्या लोखंडाला लागते. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो. चुना मळणारे गवंडी आता शोधावे लागतात, पण मिळतात. जवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीचे नूतनीकरण अलीकडेच झाले आहे. ती दगडी इमारत आहे, तंत्र वेगळे, पण मुंबईत हात आणि हुन्नर उरलेले नाहीत या सबबीला तिथे जाऊन आल्यावर जागा राहत नाही.

मग हॉटेल? भाराच्या दृष्टीने हॉटेल चालेल, वर सांगितलेच. अडचण दोन ठिकाणी आहे, पाणी आणि आग. १८७१ मध्ये पाहुण्याला खोलीला लागून न्हाणीघर लागत नव्हते. आज शंभर-सव्वाशे खोल्या म्हणजे तेवढ्याच मोऱ्या, प्रत्येकीच्या खाली जुना लोखंडी सांगाडा. ज्या रोगाने इमारत मेली त्याचेच शंभर नळ आपण परत बसवणार. वाड्याचे हॉटेल करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते: मोऱ्या कुठे, आणि त्या फुटल्या तर पाणी कुठे जाणार? उत्तर एकावर एक रांगेत, एका बाजूला असे असेल तर पुढे बोलू. आगीचे दुखणे असे की तापलेल्या बिडावर बंबाचे गार पाणी पडले की ते तडकू शकते. त्यावर उपाय आहेत, आगीत फुगणारे रंग लावतात, स्प्रिंकलर आग वाढू देत नाहीत, जादा जिना काढता येतो. पण दोन-ए श्रेणीच्या वारसा इमारतीत बाहेरून बदल जवळजवळ नाही आणि आतला प्रत्येक बदल वारसा समितीच्या नजरेखालून जातो. त्यामुळे तळमजल्यावर दुकाने आणि उपाहारगृह, मधल्या चौकात प्रदर्शने आणि कार्यक्रम, वर हलकी कार्यालये, आणि फार तर एका बाजूला थोड्या खोल्या, असा मिश्र वापर मला जास्त पटतो. त्याआधी जुन्या भाडेकरूंचे हक्क मिटवावे लागतील. धोकादायक म्हणून बाहेर काढले म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला असे होत नाही. इंजिनिअरच्या कामाला तीन वर्षे लागली तर या कामाला किती, ते वकीलच सांगतील.

शेवटचा उपप्रश्न: पाडून हुबेहूब नवे का बांधू नये? कारण ते हुबेहूब होणार नाही. नव्या इमारतीला आजचे भूकंपाचे मानक लागू होते. १८६७ च्या मापाचे बिडाचे खांब आज कोणीही मंजूर करणार नाही. म्हणजे आत आरसीसी आणि बाहेर लोखंडाची सजावट, असा देखावा उभा राहील.

मात्र गेलेले सज्जे आणि कठडे नव्याने ओतावेच लागतील, आणि ते आपल्याकडे होऊ शकते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत उत्तम ओतकाम होते. तिथे मी एकदा शिकले ते सांगते. एका इमारतीचा नव्वद सेंटिमीटरचा कठडा शाबूत होता. मी म्हटले, यावरूनच साचा घ्या आणि वीस नग ओता. माल आला, नक्षी अप्रतिम. बसवायला गेलो तर एकाही नगाची भोके जुळेनात, प्रत्येक नग नऊ मिलिमीटर आखूड. ओतलेले बीड थंड होताना शंभरात एक आक्रसते. म्हणून लाकडी फर्मा, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, मुद्दाम तेवढा मोठा करायचा असतो, आणि मी थंड झालेल्या जुन्या नगावरूनच साचा घ्यायला लावला होता. फाउंड्रीतले वयस्कर फर्मेकार फोनवर म्हणाले, "ताई, आधी विचारलं असतं तर!" दुसऱ्या वेळी फर्मा त्यांनीच केला. पहिल्या वीसांतला एक नग माझ्या ऑफिसात दाराला अडणी म्हणून आहे, बाकीचे भंगारात गेले.